गाडी फक्त हायवेला गरम व्हायची

हे लिहायचं नव्हतं मला. खरंच. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं.

मी पेजवर गाड्यांचं लिहितो. ऑईल कधी बदलायचं, टायरात हवा किती ठेवायची, असलं. लोक वाचतात, खाली विचारतात, मी सांगतो. पण ह्याच्यात गाडी कमी आणि माणसं जास्त हायेत. त्यात मीबी हाय. म्हणून हात आखडत होता.

आता लिहूनच राहिलो तर सगळं लिहितो.

मी रविकिरण, लातूरचा. मेकॅनिकचा कसलाच कागद न्हाई माझ्याकडं, आयटीआयबी न्हाई. मोबाईलवर बघून बघून शिकलो आणि चुलत्याची जुनी गाडी खोलून शिकलो. जोडताना दोन नट उरले होते. चुलता अजून धड बोलत न्हाई. माझं काम एकच. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. मी गाडी बघतो, चालवतो, वास घेतो, आणि सांगतो, घ्या नायतर सोडा. दुकान न्हाई, बोर्ड न्हाई. माझा शब्द हेच माझं दुकान.

आदर्श माझा दोस्त, नांदेडचा. अकरावी-बारावीला आम्ही लातूरात एका खोलीत राहिलो. दोघंबी डॉक्टर व्हायला आलतो. नीटचे मार्क बघितले आणि दोघंबी न्हाई झालो. तो आता गाडी चालवतो. नांदेडचे चार मास्तर लोक रोज अहमदपूरला शाळेला जातात, त्यांना सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं. अपडाऊन. त्याच्यावर त्याचं घर चालतं.

त्याची गाडी मी घेऊन दिलेली. पांढरी, डिझेलची. आधी विरूपाक्ष काकांची होती. काका म्हणजे लातूरचे कापडवाले, आमच्याच गल्लीतले, वडिलांच्या उठण्या-बसण्यातले. माल आणायला दर आठवड्याला हैदराबाद, कधी सोलापूर. त्यामुळं मीटर लई पुढं गेलेलं. आदर्श ते बघून मागंच सरकला.

मी त्याला म्हणलो, मीटर बघू नको, ती कुठं पळाली ते बघ. गावातल्या गाडीला दर चौकात क्लच, दर चौकात ब्रेक. इंजन धड तापायच्या आत दुकान येतं, बंद. मग त्यातली ओल त्यातच राहती, ऑईल खराब करती. हायवेची गाडी एकदा वरच्या गिअरला पडली की एका चालीत चालती. क्लच वाचतो, ब्रेक वाचतो, इंजन आतून कोरडं राहतं. टायर झिजतात, व्हीलचं बेअरिंग आवाज करायला लागतं, काचेवर खडे बसतात, ते येगळं. आणि एक हाय, तासन् तास ताण असतो म्हणून पाण्याला, रेडिएटरला सुट्टी न्हाई. कुठं काही कमी असलं तर ते गावात कळत न्हाई, हायवेला कळतं.

एवढं सगळं सांगितलं. वरून हेबी सांगितलं की ही डांबरावरची गाडी हाय, हिला डांबरावरच ठेव, शेतात घालू नको.

काका म्हणाले, सहा महिन्यांत इंजनाला काही झालं तर परत आणा, मी घेतो. तोंडी. आमच्याकडं तोंडीच चालतं.

दसरा झाला आणि आदर्शचा फोन आला. गाडी गरम होऊन राहिली. नांदेडातून निघती तव्हा काटा मधी. लोह्यापर्यंत ठीक. माळाकोळी मागं पडली की काटा चढायला लागतो. बाजूला घेऊन उभं राहावं लागतं. गावात दिवसभर फिरवली तरी काही न्हाई. एसीबी हायवेला थंड करत न्हाई.

चार मास्तरांत उमाशंकर सर हायेत, पुढच्या सीटवर बसतात, सगळ्यांच्या वतीनं तेच बोलतात. त्यांनी सांगितलं होतं, शाळेला दोनदा उशीर झाला, हेडमास्तर बोलले. आता आणखी एकदा रस्त्यावर उभं केलंस तर पुढच्या सोमवारपासून आम्ही दुसऱ्या जीपमधी बसणार. जीपवाल्याचा नंबरबी घेतला होता त्यांनी.

म्हणजे आठवडा होता हातात. तेवढ्यात गाडी नीट न्हाई झाली तर त्याचं गिऱ्हाईक गेलं. आणि अपडाऊनचं गिऱ्हाईक एकदा गेलं की परत येत न्हाई, दुसऱ्या गाडीत त्यांच्या सीटा ठरून जातात.

हे सगळं सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. मग म्हणाला,

"रव्या, तू गाडी खरंच बघितली होतीस ना?"

आवाज साधा होता. पण मला कळलं त्याला काय विचारायचं होतं ते.

रविवारी नांदेडला गेलो. त्याच्या घरापुढं गाडी उभी होती, चकाचक. पुढची जाळी तर नुकतीच धुतलेली. मी पाणी बघितलं, भरलेलं. त्याच्यात तेल न्हाई, बुडबुडे न्हाईत, म्हणजे इंजनाचं हेड गॅसकेट शाबूत. पंखा फिरत होता. रेडिएटरला पाणी सोडणारा थर्मोस्टॅट काढला आणि चांगुणा मावशीच्या पातेल्यात उकळून बघितला, वेळेवर उघडला. चांगुणा मावशी म्हणजे आदर्शची आई. ते पातेलं तिनं परत घरात घेतलं न्हाई, भांड्यावालीला देते म्हणाली.

म्हणजे बिघाड काहीच न्हाई. आणि गाडी गरम होते.

मग मी दुसरं बघायला लागलो. जे मला बघायला कुणी बोलावलं नव्हतं ते.

पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडलेल्या. सरळ हायवेला कडा अशा जात न्हाईत, स्टेअरिंग सारखं वळवलं की जातात. क्लचला जळका वास. नांदेड-अहमदपूरमधी क्लच जाळायला हाय काय? आणि मीटर. सुट्ट्या सोडून, अपडाऊनचा हिशेब धरून, ते जेवढं असायला पाहिजे त्याच्या बरंच पुढं.

चहा देताना चांगुणा मावशी सहज बोलून गेली की ह्याचे शर्ट धुऊन धुऊन तिचा हात गेला. रोज धुळीनं भरून येतो, मानेला खाज, आल्या आल्या आंघोळ. एसीच्या गाडीत बसणाऱ्या माणसाच्या मानेला खाज कशाची?

मी आदर्शला विचारलं, मास्तरांना सोडल्यावर दिवसभर काय करतोस. म्हणाला, एसटी स्टँडाजवळ लिंबाखाली गाडी लावतो, झोपतो.

"दुसरीकडं कुठं न्हेत न्हाईस ना?"

"कुठं न्हेऊ?"

असं म्हणाला आणि फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

दोघं मिळून गाडी हायवेला काढली. लोह्याच्या पुढं मी वेग धरून ठेवला. काटा हळूहळू वर. वेग कमी केला, काटा खाली. परत वेग, परत वर. गाडी खोटं बोलत नव्हती. सगळ्या रस्त्यानं आम्ही दोघं काट्याकडंच बघत होतो. हॉस्टेलला असताना आम्ही गप्प बसलो तर वॉर्डन येऊन बघायचा, आजारी पडले का म्हणून. त्या दिवशी नांदेड येईपर्यंत कुणी तोंड उघडलं न्हाई.

लातूरला आल्यावर विरूपाक्ष काकांना फोन लावला. नीट, आदबीनं विचारलं, काका, गाडीचा काही प्रॉब्लेम होता का, तुमच्याकडून सांगायचा राहिला का. काका दुखावले. म्हणाले, गळ्यातलं लिंग हातात घेऊन सांगतो, हैदराबादला कधी काटा हलला न्हाई. शब्द दिलाय, गाडी घेऊन या, घेतो परत. मग म्हणाले, "पण आधी त्या पोराला विचार, दुपारची गाडी कुठं असते."

हे त्यांनी का म्हणावं? त्यांना काही माहीत होतं का उगंच म्हणाले? मला आजबी वाटतं उगंच म्हणाले. पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

मी दुपारी आदर्शला फोन लावून बघितला. बंद. दुसऱ्या दिवशी लावला. कव्हरेजच्या बाहेर. एसटी स्टँडाजवळ, लिंबाखाली, कव्हरेज न्हाई?

आमच्या भागात एक धंदा सगळ्यांना माहीत हाय. गुटखा. इकडं बंदी, बॉर्डरपलीकडून येतो. साध्या पांढऱ्या गाड्यांत येतो, सीटखाली, डिकीत. चालवणारे आपल्यासारखीच पोरं असतात. ओझं घेऊन आडरस्त्यानं जायचं म्हणजे क्लच जळणार. वळणं घेत जायचं म्हणजे टायरच्या कडा जाणार. धूळ येणार. गाडी रोज धुवावी लागणार. फोन बंद ठेवावा लागणार.

सगळं बसत होतं. एकूण एक गोष्ट. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं जरासं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं अहमदपूरला गेलो. मार्केट यार्डात एक ओळखीचे आडतवाले हायेत, त्यांची मोटारसायकल घेतली. कशाला पाहिजे विचारलं तर सांगितलं एक गाडी बघायची. खोटं नव्हतं.

स्टँडासमोरच्या हॉटेलात बसलो, पाठ रस्त्याकडं, आरसा समोर. आदर्श आला. लिंबाखाली गाडी लावली, जशी सांगितली होती तशी. मला जरा हलकं वाटलं. डबा खाल्ला. चूळ भरली. मग त्यानं इकडं-तिकडं बघितलं, गाडीत बसला आणि निघाला.

मी मागं.

हायवे सोडून तो एका गावाच्या रस्त्याला लागला. अरुंद डांबरी, दोन्ही बाजूला काढलेलं सोयाबीन, कुठं ढीग, कुठं ताडपत्री. आभाळ भरून आलेलं, परतीचा पाऊस कधीबी टाकील असं. मी लांब राहिलो. तो एका वळणावर दिसेनासा झाला आणि इंजनाचा आवाज मात्र तिथंच राहिला. पुढं जात न्हाई, थांबत न्हाई. जवळ येतो, लांब जातो, परत जवळ येतो.

मोटारसायकल लावून मी बाभळीआड गेलो आणि बघितलं.

रस्ता तिथं जरा रुंद होता, जुनी वळणाची जागा. त्या सगळ्या डांबरावर सोयाबीन पसरलेलं, गुडघ्याएवढं, वाळलेलं. आणि माझा दोस्त पांढरी गाडी पहिल्या गिअरला टाकून त्याच्यावरून गोल गोल फिरत होता. शेंगा फुटल्याचा तडतड आवाज. चार बाया होत्या, तिघी दाताळ्यानं काड उलटी करत होत्या, चौथी कडेला सुपानं उधळत होती. धुरळा असा की गाडीचं तोंड दिसत नव्हतं.

म्हणजे खळं चालू होतं. आणि माझ्या शब्दावर घेतलेली गाडी बैल झाली होती.

रस्त्यावर रास पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली मळून घेणं आमच्याकडं नवं न्हाई. मीबी कितीदा अशा राशीवरून गेलोय. पण एक गाडी रोज, तासन् तास, तिथल्या तिथं फिरती, हे बघितलं नव्हतं. टायरच्या कडा, क्लच, मीटर, धूळ, खाज, सगळं तिथंच डांबरावर पडलेलं होतं. मोबाईल बघितला, रेंजबी नव्हती. ह्याच्यातलंबी सगळं बसत होतं. गुटख्यापेक्षा चांगलं बसत होतं.

मी आडोशातून बाहेर आलो. आदर्शनं मला बघितलं, गाडी बंद केली, खाली उतरला. तोंड पडलेलं.

"काय झालं? घरी काही झालं का? मम्मी...?"

त्याला वाटलं मी वाईट खबर घेऊन आलो. एवढ्या लांब दुसरं कशाला येईन?

मी म्हणलो तसं काही न्हाई. तेवढ्यात सुपवाली बाई जवळ आली. ती साखराबाई, आदर्शची मावशी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा कोण रे?"

"दोस्त हाय माझा, लातूरचा."

"दोस्त हाय तर झाडाआड काऊन उभा व्हता मघापासून?"

तिला दिसलो होतो मी. चारी बायांना दिसलो होतो. बाकीच्या तिघी पदर तोंडावर धरून हसल्या.

मग सगळं कळलं. साखराबाईचं एवढंसं रान. मळणीयंत्रवाले मोठ्या राशीवाल्यांकडं आधी जातात, हिच्याकडं आज येतो उद्या येतो करत राहिले, आणि पाऊस तोंडावर. आदर्शनं एक दिवस तिचं सोयाबीन गाडीखाली मळून दिलं. बारावी बिघडल्यावर तो चार महिने घर सोडून हिच्याकडं राहिला होता, ती त्याला एका शब्दानं बोलली नव्हती. तो न्हाई कसा म्हणणार. मग शेजारीण म्हणली माझ्यावरून पण फिरव रे बाबा. मग तिची जाऊ. असं करत करत अर्ध्या वस्तीची रास.

मला का सांगितलं न्हाई विचारलं, तर म्हणाला, तू म्हणला होतास शेतात घालू नको. काकांचा शब्द होता इंजनाचा. तुला कळलं असतं तर तू म्हणला असतास आता शब्द गेला.

"आणि डांबरावरच होती की गाडी. तू म्हणलास डांबरावर ठेव."

हे मात्र त्यानं अगदी खरं मानून म्हणलं. त्याच्या मते टायरखाली शेंगा फुटतात, त्याचा इंजनाशी काय संबंध.

मी बोनट उघडून बघितलं. सरळ बघितलं तर रविवारसारखंच, काही न्हाई. मग बंपर सोडवला आणि मोबाईलची बॅटरी लावून मधल्या फटीत बघितलं. गाडीत पुढं एसीची जाळी असती, तिच्या मागं रेडिएटर, मधी बोटभर जागा. त्या बोटभर जागेत गादी भरल्यासारखं भुसकट भरलेलं. पंख्यानं धुरळा आत ओढायचा. आणि हा मास्तरांना गाडी चांगली दिसावी म्हणून रोज समोरून पाईपानं पाणी मारायचा. समोरची जाळी स्वच्छ व्हायची, भुसकट भिजून आत जाऊन बसायचं. वाळलं की पुठ्ठा. हवा जायची कुठून? गावात इंजनाला ताण न्हाई म्हणून भागत होतं. हायवेला वेग धरला की गाडीचा दम कोंडायचा.

मला रविवारी समोरची जाळी स्वच्छ दिसली आणि मी पुढं गेलो होतो. टायर बघत बसलो, मीटर बघत बसलो. फटीत बघितलं न्हाई.

मग आडवा होऊन खाली बघितलं. चाकाकडं जाणाऱ्या दांड्याला काड गुंडाळलेली, दोरखंडासारखी पिळ बसून. आणि सायलेन्सरच्या पाईपाला जी लागलेली होती ती काळी पडलेली. करपलेली. हातात घेतली तर चुरा झाला.

मी ती आदर्शच्या हातावर ठेवली. त्यानं वास घेतला. रोज संध्याकाळी ह्याच गाडीत तो चार माणसं बसवून वेगानं नेत होता, आणि खाली वाळलेली काड तापत होती. तो रस्त्याच्या कडेला उकिडवाच बसला.

साखराबाईनं सूप खाली ठेवलं. मघापासून टोमणे मारत होती ती जवळ येऊन बसली. नंतर हळूच म्हणली, "आमच्यापायी का रे?"

"न्हाई मावशी," तो म्हणाला. एवढंच.

इंजन गार होऊ दिलं. दुपारची लाईट होती, विहिरीवरची मोटर चालू करून पाईप रस्त्यापर्यंत आणला. रेडिएटर जरा मागं ओढला आणि इंजनाच्या बाजूनं पाणी सोडलं, आतून बाहेर. जोरात न्हाई, जोरात मारलं की पाती वाकतात. भुसकटाचे गोळेच्या गोळे बाहेर आले. आदर्श ते हातानं काढत होता, मी खाली पडून दांड्याची काड कापत होतो. साखराबाईचा विळा घेतला होता.

तोंडं एकमेकाला दिसत नव्हती. अशा वेळेलाच माणूस विचारतो.

"तू मागं मागं आलास?"

"हाव."

"तुला काय वाटलं मी काय करून राहिलो?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणलो, "गुटखा."

वरून पाण्याचा आवाज येत राहिला. तो चिडला न्हाई. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मलाबी वाटलं होतं," तो म्हणाला, "तू काकाकडून काही खाल्लं म्हणून. दोन रात्री तेच डोक्यात. पण मी तुलाच विचारलं, फोन करून. धड न्हाई विचारता आलं, पण तुलाच विचारलं."

मी विळा चालवत राहिलो.

"काकांना विचारलंस का?"

"फोन केलता."

"बघ. काकाला तू फोन केलास. माझ्या मागं मोटारसायकल लावलीस."

खरं होतं ते. काका आमच्या गल्लीतले, आमच्या मठात येणारे, आमच्या समाजाचे. त्यांच्यावर शक आला तर मी आदबीनं विचारतो. आणि ज्याच्यासोबत दोन वर्षं एका ताटात जेवलो त्याच्यावर आला तर झाडाआड उभा राहतो. असं का, ते मला माहीत हाय. त्यालाबी माहीत हाय. हेच लिहिताना दोनदा पुसलं.

बंपर लावला. हात धुतले. साखराबाईनं दोघांना भाकरी आणि तेल-तिखट दिलं, खाल्लं. रास अर्धी मळायची राहिली होती. ती म्हणली, राहू दे, बडवू काठीनं. आम्ही निघालो तव्हा चौघी काठ्या घेऊन बसल्याच होत्या.

शाळा सुटायच्या वेळेला मी मोटारसायकल परत देऊन आलो. आडतवाल्यांनी विचारलं, बघितली का गाडी, कशी हाय? म्हणलो चांगली हाय.

मास्तर लोक आले. मागं तिघांत मी चौथा, कोंबून बसलो. उमाशंकर सरांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं, आदर्शच्या ओल्या पँटीकडं बघितलं. काय केलं आज, म्हणाले. मला वाटलं आदर्श सांगेल पाईप चोंदला होता, साफ केला. तेवढं पुरलं असतं. पण त्यानं सगळं सांगितलं. सोयाबीनबी, करपलेली काडबी. गाडी चालवत, समोर बघत.

सगळे काट्याकडं बघत होते. शिरूर ताजबंदच्या बाजूनं एक ट्रक वेगानं मागून आला, आदर्शनं त्याला जाऊ दिलं आणि मग आपला वेग धरला. माळाकोळी आली. गेली. काटा मधी. उमाशंकर सरांनी हात पुढं करून एसीच्या हवेला लावला, बघितलं, आणि हात मांडीवर ठेवला.

लोह्याच्या अलीकडं मागच्या तिघांतल्या विशाखा मॅडम म्हणाल्या, तू खरं सांगितलंस ते बरं केलंस, पण माझी लेकरं लहान हायेत, मला आता भीती वाटंल ह्या गाडीत. मी सोमवारपासून एसटीनं जाईन. आदर्श म्हणाला, ठीक हाय मॅडम. मॅडमचं काही चुकलं न्हाई. मी असतो तर मीबी उतरलो असतो.

बाकी दोघं उमाशंकर सरांच्या तोंडाकडं बघत होते. सरांनी खिशातून मोबाईल काढला. मग म्हणाले, जीपवाल्याला मी फोन करून सांगतो, न्हाई येत म्हणून, आम्ही तिघं ह्याच गाडीत. आणि नांदेडात उतरताना दार धरून वाकले, हळूच विचारलं, "लोह्याला माझंबी थोडं पडलंय रे सोयाबीन. रविवारी मोकळा हायस का?"

आदर्शनं माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी तो हसला, मीबी हसलो. सरांना कळलं न्हाई आम्ही का हसतोय. ते खरंच विचारत होते.

मास्तर गेले. मला स्टँडावर सोडायला आला. लातूरची गाडी लागली होती. मी त्याला गाडीचं सांगत होतो, आठवडाभर पाणी बघत राहा, पंधरा दिवसांनी परत आतून धू, क्लच मी लातूरला बघून देतो, खाली वाकून काड अडकली का ते रोज... तो ऐकून घेत होता. मग मधीच म्हणाला,

"हे लिहिणार तू पेजवर."

"न्हाई लिहीत."

"लिही. रस्त्यावर रास दिसली की लोक मुद्दाम गाडी घालतात वरून, पुण्य लागल्यासारखं. त्यांना कळू दे खाली काय होतं. पण नुसतं गाडीचं लिहू नको. झाडाआडचं पण लिही."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवर चढलो. दार धरून म्हणलो, लिहितो, सगळं लिहितो. आणि अजून एक सांगतो, हा शब्द हाय माझा, दुकानातला नव्हं, घरचा. पुन्हा कधी तुझ्याबद्दल काही आलं ना डोक्यात, काहीबी, तर पहिला फोन तुला. काकाला नंतर.